लोकर वेगळी ठेवायची

४ मार्च

ताई,

तू फोन उचलत नाहीस आणि मीही आता लावणार नाही. म्हणून भावोजींच्या मेलवर लिहिते आहे. ते हे कागदावर काढून तुझ्यासमोर ठेवतील. वाचायचं की नाही ते तू ठरव.

भावोजींनी विचारलेल्या गोष्टींची उत्तरं आधी देते. प्रवास ठीक झाला. अण्णांच्या गोळ्या परत येईपर्यंत पुरतील, सकाळच्या आणि रात्रीच्या डब्या वेगळ्या केल्या आहेत. विमानात ते झोपले. उतरल्यावर "कुठला स्टॉप आला?" म्हणून विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. देश बदलला हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगून उपयोग काय?

खोली कारखान्याने दिली आहे. दोन पलंग, एक शेगडी, एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि खाली वाकलं तर गल्ली. गल्लीच्या कोपऱ्यावर नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान आहे. खोलीत कपडे वाळत घालायला मनाई आहे, तसं दारामागे लिहूनच ठेवलंय. डबे भरायच्या लाइनवर आमच्या कंपनीचे वजनकाटे बसवलेत, ते जुळवून द्यायचं माझं काम. दिवसभर तेच ते वजन ठेवायचं आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. हिच्या स्वभावाला साजेसं काम आहे, असं तू म्हणशील. म्हण.

दिवसा अण्णांची सोय केली आहे. काळजी नसावी.

चादरी बहुतेक रोज धुवाव्या लागतात. का, ते तुला सांगायला नको. तू तुझ्या घरी ते कितीतरी महिने केलंस आणि मी तुला फोनवर "अगं, रबरी चादर घे ना" असं सुचवलं होतं. रबरी चादर मी बरोबर आणली आहे. ते ती काढतात, व्यवस्थित घडी करतात आणि उशीखाली ठेवतात.

"सामान नेतात तसं नेऊ नकोस त्यांना," असं तू निघताना म्हणालीस. त्यावर मी जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. पुन्हा लिहीत नाही.

चिमटी


९ मार्च

ताई,

भावोजींनी "मिळालं" एवढंच कळवलं. म्हणजे तू वाचलंस असं धरून चालते.

अण्णांना ते धुलाईचं दुकान फार आवडलं आहे. पहिल्या दिवशी मी चादरी घेऊन निघाले तर मागोमाग आले. दारातच थांबले. गोल काचांमागे कपडे फिरत होते, ते बघून कपाळाला आठ्या.

"हे काय चाललंय? पांढरं नि रंगीत एकाच भांड्यात? मालक कुठाय?"

"अण्णा, इथे ज्याचं त्यानं धुवायचं असतं."

"मग त्याला गिऱ्हाईक कशाला म्हणायचं? गडीच की तो."

काउंटरवर एक जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई असते. सुटे देते, साबण विकते, माझ्याशी मोडकं इंग्रजी बोलते. अण्णा तिच्याशी मराठीत बोलतात, ती तिच्या भाषेत उत्तर देते, आणि दोघांचं भांडण छान रंगतं. नीळ ठेवत नाही म्हणून तिला रोज बोलणी बसतात. कॉलर आधी हाताने घासायची हे त्यांनी तिला स्वतःच्या शर्टावर करून दाखवलं, ओला शर्ट अंगात तसाच.

आता ते लोकांचे वाळलेले कपडे बाहेर काढून घड्या घालतात. बाई सांगत होती, परवा एक माणूस चिडून अंगावर धावून आला. मग त्याने आपल्या शर्टांची चळत पाहिली, वरच्या शर्टाच्या कॉलरवरून बोट फिरवलं आणि मुकाट्याने घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला दाखवायला घेऊन आला. बाईने अण्णांना एक खुर्ची दिली आहे. साबणाच्या खोक्यांतला खाकी कागद आणि दोरीही देते. ते पुडकी बांधतात आणि कोपऱ्यात खूण घालतात, आपल्या लाँड्रीत घालायचे तशी. माणसांची नावं गेली ताई, खुणा राहिल्या. नर्सबाईंची फुली, हेडमास्तरांच्या दोन रेघा. तुझ्या सासरची, त्रिकोणात टिंब. तुझं लग्न ठरल्यावर ती त्यांनी मुद्दाम नवी पाडली होती, आठवतं? "ताईचे कपडे आता गिऱ्हाइकाचे," असं म्हणून दिवसभर कुणाशी बोलले नव्हते.

आपल्या दोघींची नावंही गेली आहेत. पण तुला ताई नाहीतर इस्त्री आणि मला चिमटी, हे आहे. "इस्त्री तापली असेल अजून," असं काल म्हणाले. मी म्हटलं, असेल.

माझा स्वेटर मी मशीनमध्ये टाकायला गेले तर हातातून ओढून घेतला. "लोकर वेगळी ठेवायची. ती ताई धुईल. तुझा हात धसमुसळा, तू पिळतेस." तू विणलेला राखाडी मफलर तर ते गळ्यातून काढूच देत नाहीत. त्याला वास यायला लागला आहे. थंडी कमी झाली की बघू.

चिमटी


१२ मार्च

ताई,

भावोजींनी तुझा एकच प्रश्न पाठवला. "बाई सांगत होती, म्हणजे ही कुठे होती?"

कामावर होते.

ऑफिसने एक मदतनीस बाई ठरवून दिली होती. ती एका सकाळनंतर आली नाही. अण्णांनी तिचा एप्रन काढून मागितला होता, मळका आहे म्हणून. दुसरी मिळत नाही. कारखान्यात त्यांना आत घेत नाहीत. खोलीला बाहेरून कुलूप लावून पाहिलं, ते मी परत कधीही करणार नाही आणि त्याबद्दल लिहिणारही नाही. राहिलं ते दुकान. तिथे ऊब आहे, माणसं आहेत, ते कामात असतात. दुपारच्या सुट्टीत मी येऊन त्यांना जेवू घालते. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात मी एक यंत्र शिवलं आहे, बटणाएवढं. ते कुठे आहेत हे मला फोनवर दिसतं. काम करता करता मी बघत असते. तो ठिपका दुकानातून हलत नाही.

याहून बरी सोय तुला माहीत असेल तर कळव. मी निघायच्या आधी ती तुझ्या घरात होती, पण तेव्हा तू "आता नाही" म्हणालीस. तुला तसं म्हणायचा हक्क होता. मलाही तिकीट काढायचा होता. आपण दोघी बरोबर आहोत आणि ते दुकानात खुर्चीवर बसले आहेत.

चिमटी


१६ मार्च

ताई,

अण्णा सापडत नाहीत. काल दुपारपासून.

मी क्रमाने लिहिते. म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही.

काल सकाळी उठले तेव्हा सगळं भरलं होतं. पलंग, उशी, त्यांचे अंगावरचे कपडे. पुसायला म्हणून त्यांनी खुंटीवरचा कोट घेतला होता. चपलाही तशाच. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी ओरडले. काय ओरडले ते विचारू नकोस. त्यांना आंघोळ घातली, स्वच्छ जोड घातला, आणि उरलेलं सगळं पिशव्यांत भरून दुकानात नेलं. खोलीत त्यांचं म्हणून जे होतं ते सगळं. धुतलेलंही पुन्हा घेतलं, कारण वास कुठून येतोय ते कळेना. चपला जंतुनाशकात बुडवल्या. मशीनवर सगळ्यात गरम पाणी लावलं. कोट टाकताना खिशातलं यंत्र उसवून काढलं, पाण्याने बिघडेल म्हणून, आणि ते खोलीच्या खिडकीत ठेवलं.

मग त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कामावर गेले. लाइनची शेवटची चाचणी होती, दुपारच्या सुट्टीत येता आलं नाही. दिवसभर मी अधूनमधून फोन बघत होते. ठिपका खोलीत दिसत होता. खोलीत आहेत, म्हणजे बाईने नेऊन झोपवलं असेल, असं मला वाटलं. ते यंत्र मीच तिथे ठेवलं होतं हे मला आठवलं नाही. सकाळी ठेवलेलं, दुपारी आठवलं नाही. या आजाराला काय म्हणतात ते तुला माहीत आहे, पण तो मला झालेला नाही.

बाई मागच्या दाराने साबणाची खोकी उतरवून घ्यायला गेली होती. परत आली तेव्हा खुर्ची रिकामी. ते असे आधीही दोनदा दारापर्यंत गेले होते, म्हणाली. मला का सांगितलं नाही? तर म्हणाली, तुम्ही आधीच किती दमलेल्या दिसता.

पोलिसांत वर्णन दिलं. उंच, वाकलेले, पांढरा शर्ट, तपकिरी पँट, माझे कॅनव्हासचे बूट, गळ्यात राखाडी मफलर, भाषा कळत नाही. आज सकाळी ते कुत्रा घेऊन आले. कुत्र्यावाला पोक्त माणूस आहे, हळू बोलतो. त्याला अण्णांचं काहीतरी अंगावरचं हवं होतं. मी पिशवी पुढे केली. कोट, बनियन, पायजमे, अभ्रा, चादर, सगळं घडी केलेलं. त्याने एक बनियन चिमट्याने उचललं आणि लगेच ठेवलं.

"न धुतलेलं," तो म्हणाला.

कंगवा आमचा दोघांचा एकच. दाढीचं सामान मी कधीच फेकलं, त्यांच्या हाताला लागेल म्हणून. टॉवेल धुतलेला. चष्मा त्यांच्याबरोबर. त्याने मला पुन्हा विचारलं, नीट आठवा, काहीतरी असेल. खुर्चीजवळ कुत्र्याला नेलं, पण त्या खुर्चीवर तोवर कोण कोण बसून गेलं होतं. कुत्रा दारापर्यंत गेला, गोल फिरला आणि माझ्याकडे बघत बसला. माझाच वास त्याला सगळ्यात जास्त मिळत होता.

रात्री फार थंडी असते.


१७ मार्च

ताई,

आता मी तुझ्याकडे काही मागते आहे. रागावलेली असलीस तरी आधी हे कर, मग राग.

तुझ्या घरात अण्णांचं न धुतलेलं काही आहे का? कुत्र्यावाला म्हणतो, जुनं असलं तरी चालेल, फक्त दुसऱ्या कुणी वापरलेलं नको. उशीचा अभ्रा, टोपी, गादीखाली गेलेला एखादा मोजा. ते उशीत रुमाल खुपसून ठेवायचे ना? पलंगाच्या फटीत बघ. हातात घेऊ नकोस, चिमट्याने उचल आणि पिशवीचं तोंड बांध. माझ्या जागी काम पुरं करायला आमचा फिटर उद्याच तिकडून निघतो आहे. त्याचा नंबर भावोजींना पाठवला आहे, तो घरी येऊन घेऊन जाईल.

हवा कोरडी आहे. पाऊस नाही. वास अजून टिकला असेल, असं तो म्हणाला. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता, पण म्हणाला.

मी आज गावभर चालले. दुकानातली बाई दुकान बंद करून माझ्याबरोबर आली. एकेका दुकानात शिरून ती अण्णांचा फोटो दाखवते आणि मग स्वतः वाकून, हात मागे बांधून, ते कसे चालतात ते करून दाखवते. लोक आधी हसतात. तिने बरोबर उचललं आहे. मला बघवत नाही.

चिमटी


१८ मार्च

ताई,

तू फोन केलास तेव्हा मी काही बोलले नाही, त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

"सगळं धुतलं गं मी," म्हणालीस. "तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी. गोधडी, अभ्रे, त्यांचा टॉवेल, टोपी. गादी उन्हात टाकली, पलंग फिनेलने पुसला. फटीतसुद्धा बघितलं आता, काही नाही गं."

असणार कसं? मळकं रात्रभर घरात ठेवायचं नाही, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा आपण दोघी मोरीत असायचो. दोन देशांत, दोन घरांत, त्यांचा वास असलेली एक चिंधी नाही. दुसऱ्या कुणाच्या मुली असतो तर काहीतरी लोळत पडलं असतं. शेजारणीचं घर आठव. तिचं माणूस हरवलं असतं तर कुत्र्याला निवड करायला वेळ लागला असता.

हा विनोद मी फोनवर करणार होते. बरं झालं केला नाही.

ठेवताना तू म्हणालीस, "त्यांच्या खोलीत अजून कुणी झोपत नाही." निघताना मी तुला जे म्हटलं होतं, की तुला अण्णा नकोत, खोली हवी आहे, त्याचं हे उत्तर होतं. मिळालं.


२१ मार्च

ताई,

काय झालं ते भावोजींनी तुला सांगितलं आहे. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं नव्हतं. उरलेलं तुला लिहिते. लिहावं की नाही, यावर मी बराच विचार केला. तुझ्यापासून लपवलं तर ते माझ्या एकटीकडे राहील, आणि मला ते पेलणार नाही. एवढंच कारण आहे. तुझ्या भल्यासाठी लिहिते आहे असं समजू नकोस.

परवा सकाळी दुकानात एक म्हातारी बाई आली. खांबावर लावलेला अण्णांचा फोटो तिने पाहिला होता. तिच्या हातात खाकी कागदाचं पुडकं होतं, दोरीने बांधलेलं. कोपऱ्यात त्रिकोण आणि त्रिकोणात टिंब.

ती कालव्याच्या अलीकडे राहते. मी नंतर तिचं घर पाहिलं. निळं फाटक आहे ताई, आणि बाजूला सिमेंटची कुंडी. तुझ्या फाटकाचा निळा थोडा जास्त गडद आहे, एवढाच फरक. ते हरवले त्या दुपारी तिच्या दारात आले, पुडकं तिच्या हातात दिलं आणि काहीतरी विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांनी आत बोट दाखवलं आणि तोच शब्द पुन्हा म्हणाले. काय म्हणाले ते तिने मला म्हणून दाखवलं. "ताई."

तिला वाटलं, पत्ता चुकला आहे. ती पुडकं परत देत होती, ते घेईनात. शेवटी वरच्या भाडेकरूचं असेल म्हणून तिने ते जिन्याखाली ठेवलं आणि दार लावलं. ते फाटकापाशी बराच वेळ उभे होते. मग तिने पडदा ओढला. हे सांगताना ती माझा हात धरून होती. मी तिच्या जागी असते तर पडदा आधीच ओढला असता.

पुडक्यात मफलर होता. तो त्यांच्या गळ्यात आहे असं मी पोलिसांना सांगत होते.

त्या सकाळी मी सगळं मशीनमध्ये कोंबत होते तेव्हा त्यांनी तो माझ्यापासून वाचवला असणार. लोकर वेगळी ठेवायची. ती ताई धुणार. मी निघून गेल्यावर त्यांनी घडी घातली, कागदात बांधला, तुझी खूण केली आणि तुझ्या घरी पोचवायला निघाले. भरकटले नव्हते ते. कामावर निघाले होते.

कुत्र्यावाल्याने कागद हात न लावता उघडला. कुत्र्याने मफलरात तोंड घातलं आणि क्षणात सरळ झाला. निळ्या फाटकापासून तो निघाला तो कुठेही थांबला नाही. गोल फिरला नाही, मागे पाहिलं नाही. आम्ही जवळजवळ धावत होतो. ताई, त्या वेळी मला आनंद झाला होता. मोजमाप बरोबर आलं की होतो तसा. कालव्याच्या पायऱ्यांशी तो थांबला आणि खाली बसला.

"पहिल्या दिवशी जर..." कुत्र्यावाला म्हणाला. त्याने कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांना काल सकाळी वर काढलं. ओळख मी पटवली. माझे बूट त्यांच्या पायात होते, दोन्ही नाड्या नीट बांधलेल्या.

इथल्या कागदपत्रांना वेळ लागेल. अण्णांना घेऊन मी कधी पोचेन ते सांगता येत नाही. दुकानातली बाई सकाळी आणि संध्याकाळी येते, दाराशी उभी राहते आणि माझे धुवायचे कपडे मागते. मी देत नाही.

पोलिसांनी मफलर परत दिला आहे, त्यांच्याच जाड पिशवीत, तोंड बंद करून. मी ती उघडलेली नाही. आज कुरिअरने तुझ्या पत्त्यावर पाठवली. आमच्या आधी ती पोचेल.

त्यांनी तो तुझ्याकडे धुवायला आणला होता.

धुऊ नकोस.

चिमटी